चालतं फूल

"पांघरणार कोण?"

गिऱ्हाईक दारात आलं की चाचांचा पहिला प्रश्न हा. या, बसा, पाणी घ्या, असलं काही नाही. समोरच्यानं 'एक चादर दाखवा' म्हणायचा अवकाश, चाचा हातातला लाकडी ठसा बाजूला ठेवायचे, चष्म्याच्या वरून त्याला नीट न्याहाळायचे आणि विचारायचे. उत्तर पटलं तर चादर मिळायची. नाही पटलं तर माणूस हात हलवत परत.

एकदा एका पुढाऱ्याचा माणूस जीप घेऊन आला. साहेबांच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांना वाटायला चादरी हव्या होत्या, जेवढ्या असतील तेवढ्या. चाचांनी विचारलं, "पांघरणार कोण?"

"पाव्हणे."

"पाव्हण्याला नाव असतंय का न्हाई?"

म्हातारा थट्टा करतोय असं वाटून तो माणूस हसला. चाचा हसले नाहीत. "ज्याची झोप मला ठाऊक न्हाई त्याच्यासाठी मी कावून छापू? बाजारात मिलच्या लई पडल्यात. तिकडं जावा." जीप धुरळा उडवत गेली. आतून चाची ओरडल्या, "अब हवा खाओ, हवा!" आणि चाचा जसं काही झालंच नाही असे पुन्हा कापडावर वाकले.

त्याच आठवड्यात एक पोटुशी बाई आली. दसरा झाला होता, तिची टोळी उसाला निघाली होती. तिनं सांगितलं, "लेकरू तिकडंच व्हईल, फडावरच्या कोपीत." चाचांनी फडताळ उपसलं आणि सगळ्यात मऊ, पुष्कळदा धुतलेल्या कापडाची चादर काढून तिच्या हातात दिली. "नव्या कापडानं लेकराला टोचतंय," एवढंच म्हणाले.

मी त्यांची भाडेकरू. गेवराईजवळच्या एका वस्तीवर मी शाळेत शिक्षिका म्हणून नवी लागले होते आणि त्यांच्या घरावरची माडीची खोली घेतली होती. खोली देतानाही या माणसानं अनामत, भाडं, पाणी, यातलं काही विचारलं नाही. विचारलं काय, तर, "बाई, तुमी झोपता कोणत्या कुशीवर?" मी म्हटलं, डाव्या. ते म्हणाले, मग खाट भिंतीकडं नको. आणि स्वतः येऊन खाट फिरवून गेले. माझी आई सोबत होती. तिनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "हा माणूस बरा आहे ना गं?" बरा होता की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. पण त्या खोलीत मला झोप फार छान लागायची.

खाली एक लांबलचक टेबल होतं, वर जुन्या गोधड्यांचे थर. त्याच्या एका बाजूला चाचा, दुसऱ्या बाजूला चाची. चाचांनी काळी रेघ छापायची आणि मागून चाचींनी त्या रेघेच्या पोटात रंग भरायचा, अशी वाटणी लग्नापासून चालत आलेली. काळा रंग चाचांचा. गंजलेलं लोखंड आणि गूळ एका रांजणात कुजत पडलेलं असायचं, त्याचा वास जिन्यापर्यंत यायचा. चाचींचा तांबडा त्यापेक्षा सभ्य. त्या तुरटीचं पाणी आणि डिंक यात ठसा बुडवून मारायच्या. त्या वेळी कापडावर नुसता ओलसर डाग दिसे, फूल नाही. मग सगळी छपाई झाली की कापड तांब्याच्या हंड्यात मंजिष्ठेच्या पाण्यात उकळायचं, आणि जिथं तुरटी लागली असेल तिथं तांबडं फूल वर यायचं. म्हणजे चाचींचं काम चांगलं झालं की वाईट, हे हंडा उतरल्यावरच कळायचं.

दोघांचं भांडण कायम रंगावरून. चाची मला साक्षीला धरून म्हणायच्या, "बाई, यांचा काळा कपडा खातो. लोखंड हाय ना त्यात. माझा तांबडा बघा, कपडा फाटंल पण तांबडा जायचा न्हाई." चाचा म्हणायचे, "रेघ न्हाई तर फूल बसंल कुठं?" या भांडणाला निकाल नव्हता. चहा आला की ते थांबायचं.

चाचांची दुसरी खोड म्हणजे चूक सहन न होणं. फूल रेघेच्या बाहेर सुताभर जरी गेलं तरी ते त्या चादरीच्या दोन कडा हातात धरायचे आणि चर्रकन फाडायचे. लाज नाही, लोभ नाही. चूक चाचींची असो की स्वतःची, चादर फाटायची. त्या चिंध्या गल्लीभर जायच्या. माझ्या शाळेतला फळा वर्षानुवर्षं चाचांच्या घरच्या चुकांनी पुसला गेला. "ही घरातून गेली तर माझं तोंड घेऊन जाती," असं त्यांचं म्हणणं. आणि घरातून एकदा गेलेली चादर ते परतही घेत नसत. उसवली म्हणा, विटली म्हणा, बायकोला आवडली नाही म्हणा. "त्यात तुमची झोप शिरली. आता ती माझी न्हाई."

पुढं चाची दाराच्या चौकटीला धडकायला लागल्या. भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. चाचा त्यांना बीडला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. परत आले त्या संध्याकाळी मी जिन्यात उभी होते. चाची आत गेल्यावर ते माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, "काचबिंदू म्हणतेत. बाजूबाजूनं दिसायचं बंद व्हत चाललंय. गेलं ते गेलं, वापस येत न्हाई. तिला बोलू नका बाई. थेंब घातले की उतरंल, असं सांगितलंय मी." आणि मग उगाच मोठ्यानं म्हणाले, "पाणी आलंय का वर?" मी पण मोठ्यानं म्हटलं, आलंय.

त्यानंतर काही दिवसांनी हंडा उतरला. सुट्टी होती, मी जिन्यावर बसून वह्या तपासत होते. चाची आत नमाज पढत होत्या. चाचांनी काठीनं कापड वर उचललं, पिळलं, झटकलं आणि अंगणातल्या दोरीवर पसरलं. मला तिथून दिसलं. सगळ्या चादरभर प्रत्येक तांबडं फूल आपल्या काळ्या रेघेतून डावीकडं सरकलं होतं. एखाददुसरं नव्हे, सगळी. काळी रेघ रिकामी उभी आणि फूल तिच्यातून अर्धं बाहेर निघालेलं.

चाचांनी चादर दोरीवरून ओढली. दोन कडा दोन मुठीत धरल्या. मी वही बंद केली. आता चर्रकन आवाज येणार, चाची आतून विचारणार, काय झालं, आणि मग सगळंच कळणार. चाचा तसेच उभे राहिले. हातांच्या शिरा फुगलेल्या. आत जानमाज गुंडाळल्याचा आवाज आला. चाची ओढणी सारखी करत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कैसा आया?"

चाचांनी मुठी सैल केल्या. चादर पुन्हा दोरीवर टाकली, हातानं तिच्यावरच्या सुरकुत्या काढल्या आणि म्हणाले, "बढिया आया. नया नमुना है. फूल चलता दिसता." मग माझ्याकडं बघून मराठीत म्हणाले, "चालतं फूल म्हणायचं याला. काय बाई?" मी म्हटलं, "छानच दिसतंय." खरं सांगायचं तर मला रडू येत होतं.

आणि मग या माणसानं, ज्यानं आयुष्यात सुताभर चूक घराबाहेर जाऊ दिली नव्हती, सगळ्या बाजारात चालतं फूल विकलं. दुकानदाराला सांगितलं, नवीन आहे. चौसाळ्याहून येणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाला सांगितलं, नवीन आहे. तो म्हातारा शेतकरी चादर उलटीसुलटी करत म्हणाला, "चाचा, हात गेला का तुमचा?" चाचा म्हणाले, "हौ, गेला." त्यांनी स्वतःच्या हातावर घेतलं. बाजारात कुजबुज झाली की म्हाताऱ्याचं संपलं. त्यांचा मुलगा, ज्याचं बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, एकदा चिडून म्हणाला, "अब्बा, लोक हसतेत." चाचांनी त्याला विचारलं, "हसणारा पांघरतो का?"

गंमत म्हणजे काही बायकांना तो नमुना आवडायला लागला. रिकामी रेघ आणि तिच्यातून निघून चाललेलं फूल, यात त्यांना काय दिसत होतं कोण जाणे. 'ते चालतं द्या' म्हणून मागायच्या.

एकदा चाचा बाजारात गेलेले असताना चाचींनी मला खाली बोलावलं. टेबलाशी उभ्या होत्या, हातात ठसा. म्हणाल्या, "बाई, खरं सांगा. फूल कुठं पडतंय?"

मी म्हटलं, "चाचा म्हणतात नवा नमुना आहे."

चाची हसल्या. दात पडलेलं, मोकळं हसू. "इतक्या सालात या माणसानं एक नवा नमुना काढला न्हाई. बाप काढायचा तेच काढतोय. आन आता म्हातारपणी काढला व्हय?" त्यांनी ठशावरून अंगठा फिरवला. "ऱ्हाऊ द्या. त्यांना बोलू नका. लई जीव लावून खोटं बोलतेत." मग त्यांनी ठसा बुडवला, कापड चाचपून रेघेची ओल शोधली आणि तळहाताचा मऊ धपका मारला.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी चादर मागायला खाली गेले. प्रश्न ठरलेलाच होता. चाचांनी अगदी सरळ चेहऱ्यानं विचारला, "पांघरणार कोण?" माझी मान वर होईना. चाचींनी पिठाच्या हातानं त्यांच्या पाठीत धपाटा घातला. सदऱ्यावर पाच बोटं उठली, ती दिवसभर तशीच होती. माझ्या चादरीला चाचांनी कापड स्वतः धुतलं, रेघ स्वतः छापली, आणि चाचींनी फुलं भरली. डावीकडं सरकलेली, सगळी. मी लग्न करून आष्टीला आले, बदलीही तिकडंच झाली. त्याच हिवाळ्यात चाची गेल्या. माझ्या चादरीनंतर त्यांनी काही छापलंच नव्हतं.

मी भेटायला गेले तेव्हा चाचा टेबलाशी उभे होते. दोन्ही बाजूंचं काम एकटे करत होते. मला बघून या म्हणाले नाहीत, कशी आहेस म्हणाले नाहीत. दोरीवरची चादर दाखवून म्हणाले, "बघा." बघितलं. प्रत्येक फूल आपल्या रेघेत अचूक बसलं होतं. इतकी सुंदर छपाई मी त्यांच्याकडं कधी पाहिली नव्हती.

"व्हईना बाई," चाचा म्हणाले. "तिच्यासारखं सरकवायचं म्हणतो, हात सरळ जाग्यावर जातोय. डोळे झाकून मारलं, तरी जाग्यावरच. हात लई इमानदार हाय हरामखोर." आणि त्यांनी दोन कडा धरून ती निर्दोष चादर चर्रकन फाडली.

ते वेडच लागलं होतं त्यांना. मापून, खुणा करून सरकवलं तर म्हणायचे, हे मोजलेलं आहे, ती मोजत नव्हती. सुनेला उभं केलं. शेजारणीला उभं केलं. मलाही ठसा हातात दिला. मी धपका मारला, हंडा उतरल्यावर माझी फुलं वर चढलेली निघाली, एक तर उलटंच. चाचांनी मनापासून पाहिलं, आणि फार सौम्यपणे म्हणाले, "ही तुमची चूक हाय बाई. तिची न्हाई." चूकसुद्धा माणसागणिक वेगळी असते हे मला त्या दिवशी कळलं. मुलांच्या वह्या तपासताना मी तेव्हापासून लाल पेन जरा हळू चालवते.

मग त्यांनी विकलेल्या चादरी शोधायला सुरुवात केली. परत घ्यायला नाही, नुसत्या बघायला. छापणाऱ्याच्या घरात त्याचं कापड राहत नाही. स्वतः दोघं मिलच्या चादरी पांघरायचे. चालत्या फुलाच्या चादरी गेल्या होत्या गोरगरिबांत. कुणी उसाच्या फडावर नेऊन फाडली होती, कुणी ट्रॅक्टरच्या सीटला घातली होती, कुणी तिची दुपटी केली होती. दुपट्यांचं ऐकून चाचा खूश झाले. "लेकराखाली गेली ना? मंग बरं झालं." पण बघायला काही उरलं नव्हतं. उरली ती माझी.

तेव्हापासून चाचा एसटीनं आष्टीला यायचे. वर्षातून कधीतरी, पण यायचे. सीताफळाच्या दिवसांत हातात पिशवी. येऊन बसायचे, चहा प्यायचे, माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि मग आतल्या खोलीकडं बघून विचारायचे, "बरी हाय का?" मी चादर आणून त्यांच्यासमोर खाटेवर अंथरायची. ते एकेक फूल बघायचे. मग मला झापायचे: पावडरनं धुतली का? उन्हात कावून वाळवली? माझ्या सासूबाई पहिल्यांदा तर हादरल्याच होत्या. "अगं, हा म्हातारा चादरीला भेटायला येतो का?" पुढंपुढं त्याच म्हणायला लागल्या, "ती नीट घडी घालून ठेव, तो येईल."

मी प्रत्येक वेळी म्हणायची, चाचा, घेऊन जा. आणि ते प्रत्येक वेळी म्हणायचे, "घरातून गेलेली वापस घेत न्हाई." नियम त्यांचा, आणि त्यात अडकले होते तेच. मला राग यायचा. माणसानं स्वतःशी इतकं कडक असू नये.

शेवटच्या वेळी आले तेव्हा काठी होती. मी चादर अंथरायला कचरत होते, कारण तिची अवस्था वाईट झाली होती. काळ्या रेघा जागोजाग विरून गेल्या होत्या. जिथं जिथं रेघ होती तिथं तिथं कापडाला बारीक चिरा पडल्या होत्या, उजेडाला धरलं तर पलीकडचं दिसायचं. तांबडं तेवढं जसंच्या तसं. चाचांनी एका चिरेतून बोट घातलं, दुसऱ्या बाजूनं बाहेर काढलं. आता हे रडणार, असं मला वाटलं. ते हसले.

"खाल्ला काळ्यानं कपडा," म्हणाले. "ती म्हणायची तसंच झालं. माझं गेलं. तिचं हाय."

मला राहवलं नाही. मी त्यांना सांगितलं, चाचींना माहीत होतं. नवा नमुना वगैरे काही नाही हे त्यांना कळलं होतं, त्यांनी मला स्वतः विचारलं होतं.

चाचांनी फुलावरून नजर काढली नाही. "मालूम हाय," म्हणाले.

"म्हणजे? तुम्हाला माहीत होतं की त्यांना माहीत होतं?"

"मंग? बोलून दाखवायचं व्हतं का?"

मी चादरीची घडी घातली. निघताना मी पुन्हा म्हटलं, आता तरी घेऊन जा. त्यांनी काठी उचलली आणि मान हलवली. नाही.

या थंडीत एका सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. "ताई, अब्बा गेले." मी शाळेत कळवलं, चादर पिशवीत घातली आणि पहिली गाडी पकडली. बीडला गाडी बदलताना एकच भीती होती की माझ्या आधी उचलतील. पण मी पोचले तेव्हा जनाजा अंगणातच होता. चाचा पांढऱ्या कफनात. वरून घालायला मशिदीतली हिरवी चादर आणलेली. त्यांचे कुणी नात्यातले वडीलधारे होते, त्यांनी माझ्या हातातलं जुनेर पाहून विचारलं, "ही कोणासाठी?"

"चाचांसाठी."

मुलगा पुढं आला. त्याचे डोळे सुजले होते. चादर त्यानं ओळखली. हळू म्हणाला, "ताई, अब्बा वापस घेत नव्हते."

"परत देत नाही," मी म्हटलं. "पांघरायला आणली. पांघरणार कोण ते मला ठाऊक आहे."

त्यानं चादरीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "कबरीत जात न्हाई ही. तिथं वरून काढून घेतेत."

"चालेल. तिथवर जाऊ दे."

त्यानं हिरवी चादर बाजूला ठेवली आणि माझ्या हातातली घेतली. दोन कडा त्यानं धरल्या, दोन त्या वडीलधाऱ्यांनी. फाटू नये म्हणून अगदी जपून, अलगद पसरली. काळी रेघ आता जवळजवळ कुठंच नव्हती. पांढऱ्यावर नुसती तांबडी फुलं होती, डावीकडं सरकलेली. खांदे लागले, जनाजा उचलला गेला.

मी माडीच्या जिन्यावर जाऊन उभी राहिले, वह्या तपासायची त्याच पायरीवर. खाली दारात सून आणि शेजारपाजारच्या बाया रडत होत्या. मीही रडले, पदर तोंडात न धरता. गल्लीतून माणसं खांदा बदलत चालली होती आणि त्यांच्या पावलांबरोबर वरची फुलं हलत हलत पुढं निघाली होती. बाजारापाशी ती वळली आणि दिसेनाशी झाली.

कबरस्तानात त्यांच्यातल्या बायका पोचवायला जात नाहीत. पण चाचांबरोबर चाची गेल्या.